उशी पातळ की जाड

ताईच्या त्या पत्राला आबांनी उत्तर दिलं नाही, असं म्हणणं तसं अन्यायाचं ठरेल. उत्तर त्यांनी तेव्हा एकेचाळीस वेळा लिहिलं होतं. पाठवलं एकदाही नव्हतं, एवढंच.

पत्र साधं होतं. एकच कागद, तोही पाठकोरा. ताईचं अक्षर तिच्या चालण्यासारखं, लांब ढांगा टाकत जाणारं. आबांना, आपल्या धाकट्या भावाला, ती लहानपणापासून पुस्तक्याच म्हणे.

'पुस्तक्या, सुट्टीत इकडे या. पोराचा सातवा वाढदिवस इथेच करू. मी त्याला पोहायला शिकवते. सुट्टीत माझ्या खोल्यांना मागणी असते, म्हणून आधी कळव. कधी येता? किती जण? आणि पोराला उशी पातळ लागते की जाड? उत्तर येईपर्यंत मोठी खोली कुणाला देत नाही. ताई.'

आबांनी त्याच संध्याकाळी उत्तर लिहिलं. वाचून पाहिलं तर कोरडं वाटलं. दुसरं लिहिलं, ते फारच गोडगोड झालं. तिसऱ्यात एक वाक्य बरं उतरलं होतं, पण ते आधीच्या वाक्याला धरून नव्हतं. आबा छापखान्यात मुद्रितं तपासत. लोकांच्या पुस्तकांमधल्या चुका छापायच्या आत पकडायच्या, हेच चौतीस वर्षांचं काम. दुसऱ्याच्या लिखाणातली चूक त्यांना पान उलटायच्या आत दिसे, आणि स्वतःच्या लिखाणात चुकीखेरीज काही दिसतच नसे. आठवडा गेला, तेव्हा उशिराबद्दल माफी मागणं आलं. महिना गेला, तेव्हा माफी उशिरा मागितल्याबद्दलही माफी मागणं आलं.

आजी, म्हणजे आबांची बायको, तेव्हा होती. ती म्हणायची, "अहो, द्या इकडे. मी दोन ओळी खरडते आणि टाकते."

"नको, नको. तिने मला लिहिलंय. उद्या मीच टाकतो."

तो उद्या काही उजाडला नाही. सुट्टी संपली. पुढे कुणाकडून तरी कळलं की ताईने मोठी खोली सबंध सुट्टीभर कुलपात ठेवली होती. ते ऐकल्यावर आबांची उरलीसुरली हिंमतही गेली. मुलाच्या लग्नाचं छापील निमंत्रण त्यांनी धाडलं, तर ताई आली नाही. निरोप मात्र आला. 'छापील कागद सगळ्या गावाला जातो. माझ्या पत्राचं उत्तर अजून यायचंय.' एकदा विचारलं की दुसऱ्यांदा विचारायचं नाही, हा तिचा लहानपणापासूनचा खाक्या.

ते पत्र आबांनी जाडजूड शब्दकोशात ठेवलं, आणि काळाच्या ओघात त्या शब्दकोशाला घरात दुसरंच काम लागलं. चार वर्षांच्या नातवाचं तोंड जेवणाच्या टेबलापर्यंत पोहोचत नसे, म्हणून तो त्यावर बसायला लागला. जन्मला तेव्हापासून हा पोरगा बोलत नसे, ओरडतच असे. म्हणून आबांनी त्याचं नाव ठेवलं होतं उद्गारू. मोठी नात पाळण्यात स्वल्पविरामासारखी वाकून झोपायची, ती झाली स्वल्पी. खरी नावं शाळेच्या दाखल्यावर होती, ती तिथेच बरी होती.

पंधरा दिवसांपूर्वी रात्रीच्या जेवणाला उद्गारू शब्दकोशावरून उडी मारून उतरला, कोश आडवा झाला आणि त्यातून पत्र बाहेर आलं. स्वल्पीला वाचण्याचा नवा नाद. दुकानाच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, काही सोडायची नाही. तिने पत्र उचललं आणि वर्गात उभं राहून वाचावं तसं खणखणीत वाचून दाखवलं, अगदी शेवटच्या 'ताई'पर्यंत.

"मग तू काय उत्तर दिलंस, आबा?"

"ते... राहिलंच."

"किती दिवस?"

"बत्तीस वर्षं," मुलगा म्हणाला. ताटातून मान वर न करता म्हणाला. "मी टॉवेलची गुंडाळी घेऊन दाराशी बसायचो. आई म्हणायची, उत्तर गेलं की निघायचं. शेवटी तिनेच एक दिवस टॉवेल उलगडून वाळत घातला."

 मुलगा लिफ्टच्या दुरुस्तीची कामं करतो. चाळीस मजल्यांच्या पोकळीत दोरावर लटकत शीळ घालणारा माणूस, पण पोरांना पोहायच्या तलावावर न्यायचं म्हटलं की त्याला नेमकं काहीतरी काम निघतं. आबांना ते ठाऊक होतं. ते कशामुळे, हेही ठाऊक होतं. ते दोन्ही घरात कुणी एका वाक्यात बोललं नव्हतं, इतकंच.

सून दाताच्या दवाखान्यात मदतनीस आहे. ती म्हणाली, "दुखरा दात आहे हा. याला लवंग लावून चालणार नाही."

"काय करायचं म्हणतेस?" मुलाने विचारलं.

"सुट्टी आपली पंधरा दिवसांनी आहे. पोरीचा वाढदिवसही त्याच आठवड्यात. जायचं."

"बोलावलंय कुणी?"

"हे काय, बोलावलंय की!" तिने पत्र त्याच्या नाकासमोर धरलं.

दुसऱ्या दिवशी सुनेने कुठूनसा नंबर मिळवून फोन केला. पलीकडून खणखणीत आवाज आला. "खोली पत्रानेच मिळते. अक्षर बघितल्याशिवाय मी कुणाला घरात घेत नाही." फोन बंद.

"आत्याच ती," मुलगा म्हणाला. हसला नाही, पण गालाचा एक कोपरा हलला.

मग असं ठरलं. म्हणजे सुनेने ठरवलं. ताईच्या सरोवराकाठी, बोटीच्या धक्क्याजवळच्या हॉटेलात चार दिवस राहायचं. आबांनी उत्तर लिहून पाठवलं तर ताईकडे जायचं. नाही पाठवलं, तर पोरं वाळूत खेळतील आणि सगळे परत येतील.

"आणि मी सांगून ठेवतो," मुलगा म्हणाला, "तिच्या दाराशी बिनउत्तराचा मी जाणार नाही. एकदा बसलोय दाराशी. पुरे झालं."

पंधरा दिवस होते. आबांनी सहा उत्तरं लिहिली. सगळ्यात लांब अकरा पानांचं झालं.

*

सरोवर ओलांडायला बोटीला दोन तास लागतात. वरच्या डेकवर लाकडी बाकांच्या रांगा, मध्ये लाल रंगाचे जीवरक्षक टायर, आणि वारा असा की टोपीवाले टोपी हातात धरूनच बसलेले. आबा कोटाच्या आतल्या खिशावर हात दाबून बसले होते. आत अकरा पानं होती, त्यांवर लाल पेनाच्या खुणा. पाठवायची स्वच्छ प्रत काढायची तेवढी राहिली होती. बोट सुटली तेव्हा ती राहिलीच, हे घरातल्या सगळ्यांना कळलं होतं.  

"केक कुठे ठेवलास?" सुनेने विचारलं.

"तिथे, पिशवीजवळ," मुलगा म्हणाला.

"त्यावर हा बसलाय!"

उद्गारू खोक्यावर ऐटीत बसला होता. "मला बाहेर दिसत नव्हतं!" तो ओरडला. शब्दकोशाची सवय. जे चौकोनी दिसेल त्यावर बसायचं, एवढं तो जाणत होता.

खोकं उघडलं. केकवरचं लाल क्रीमचं घर सपाट झालं होतं. स्वल्पीने वाकून पाहिलं, काहीतरी विचार केला आणि ती म्हणाली, "चालेल. आता हे मैदान झालं."

"पोरगी कुणावर गेलीय कोण जाणे," सून म्हणाली. "या घरात झालेल्या गोष्टीला चालेल म्हणणारं दुसरं कुणी नाही."

तेवढ्यात तिकीट तपासणारी बाई आली. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, गळ्यात शिट्टी. पाच तिकिटांना भोकं पाडून तिने केककडे पाहिलं.

"वाढदिवस का? कितवा?"

"सातवा," स्वल्पी म्हणाली.

"मग धक्का दिसायला लागला की सात भोंगे. आमच्या बोटीची रीत आहे. बारा वर्षांपर्यंतच हं, नाहीतर म्हातारे लोक वाढदिवस काढून कप्तानाचा जीव घेतील. उतरताय कुठे?"

"हॉटेलात," सून म्हणाली.

"अरेरे. तिथल्या उशा म्हणजे नुसते धोंडे. काठावरच्या पोहणाऱ्या बाईंकडे खोल्या आहेत बघा, एक नंबर. पण त्यांना आधी पत्र लागतं."

"त्या... बऱ्या आहेत?" आबांनी विचारलं. सकाळपासूनचे त्यांचे हे पहिलेच शब्द.

"बऱ्या? शहात्तर वर्षांच्या आहेत आणि अजून रोज सकाळी पाण्यात असतात. मी सहा वर्षांची असताना मला त्यांनीच ढकललं होतं या सरोवरात. हा सगळा काठ त्यांच्या हाताखाली पोहायला शिकलाय. पण हट्टी! आता बघा, त्यांची एक मोठी खोली आहे, पाण्याकडे खिडकीची. गेल्या वर्षी सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात माझ्या बहिणीकडची माणसं आली. कुठे जागा नाही. मी म्हटलं, बाई, ती खोली रिकामी आहे, द्या ना. तर म्हणाल्या, रिकामी नाही, राखलेली आहे. म्हटलं, कुणासाठी? म्हणाल्या, त्याने अजून कळवलेलं नाही. म्हटलं, अहो, विचारलं कधी होतंत? तर म्हणतात, झाली बरीच वर्षं. सावकाश लिहितो तो."

बाई हसत पुढच्या बाकाकडे गेली. या बाकावर कुणी हसलं नाही.

सावकाश लिहितो तो. ताईला आपला राग आलाय असं धरून तो राग आबांनी बत्तीस वर्षं मनात वागवला होता. रोज थोडा घासूनपुसून, नवा करून. राग आहे म्हणून तर उत्तर इतकं बेतून लिहायचं होतं, प्रत्येक शब्द तोलून. आणि तिकडे ती दर सुट्टीत पहिला आठवडा खोली राखून बसली होती. रागाचा पत्ताच नव्हता. नुसती वाट पाहणं होतं. हे रागापेक्षा वाईट होतं, आणि त्याच वेळी आबांच्या छातीत काहीतरी सैलही झालं होतं. दोन्ही एकदम कसं, ते त्यांना कळेना.

मुलगा उठला आणि कठड्याकडे गेला. जो माणूस बोटीत चढल्यापासून बाकाच्या मधोमध बसून होता, तो कठडा धरून खाली पाण्याकडे बघत उभा राहिला.

"आबा," स्वल्पी त्यांच्या गुडघ्याला टेकत म्हणाली, "तू मला चित्रकलेची वही दिलीस ना, ती छान आहे. पण मला अजून एक पाहिजे."

"काय गं?"

"उत्तर."

"मुकाट्याने दे म्हणावं," सून म्हणाली. "वाढदिवस आहे तिचा. आज तिला नाही म्हणायचं नसतं."

आबांनी अकरा पानं बाहेर काढली. वाऱ्याने ती फडफडायला लागली, तेव्हा सुनेने एक हात त्यावर दाबला. स्वल्पीने पहिलं पान डोळ्यांसमोर धरलं, दुसरं धरलं, मग मोजायलाच लागली.

"अकरा? तिने तर तीनच प्रश्न विचारलेत."

"अगं, पण त्या प्रश्नांच्या मागे बरंच काही..."

"आमच्या बाई म्हणतात, जेवढं विचारलंय तेवढंच लिहा. जास्त लिहिलं की मला वाचत बसावं लागतं."

आबांनी ताईचं पत्र काढलं. घड्यांवर ते आता फाटायला आलं होतं. किती वेळा वाचलं असेल त्यांनी? प्रत्येक वेळी ते ओळींच्या मधल्या जागेत ताईचं मन शोधत बसले होते. आता पोरीचं छोटं बोट एकेका प्रश्नावर ठेवलं गेलं तेव्हा पहिल्यांदाच त्यांना दिसलं की ही बाई काही सुचवत नाहीये, टोचत नाहीये. तिला फक्त गाद्या घालायच्या आहेत.

लोकांच्या हजार पानांत एक गळलेला शब्द पकडणारा माणूस, आणि घरच्या पाठकोऱ्या कागदावरचे तीन प्रश्न त्याला दिसले नव्हते!

"घे पेन," स्वल्पी म्हणाली. तिने नवी वही उघडली. पहिलं पान तिने माशाच्या चित्रासाठी ठेवलेलं होतं. ते तिने उदारपणे त्यांच्याकडे केलं. "पहिला प्रश्न. कधी येता?"

"आज," आबा म्हणाले.

"लिही."

त्यांनी लिहिलं. बोट हलली आणि शेवटच्या अक्षराची शेपटी खाली घसरली. आबांचा हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे गेला. तो तिथे पोहोचायच्या आत सुनेने पेन काढून आपल्या पर्सेत टाकलं.

"ते माझ्याकडे राहील," ती म्हणाली. "आमच्या दवाखान्यात हत्यारं आम्ही पेशंटच्या हातात देत नाही."

"दुसरा," स्वल्पी म्हणाली. "किती जण?"

"पाच."

"साडेचार," स्वल्पीने उद्गारूकडे बघून सुचवलं.

"मी एक आहे!" उद्गारू इतक्या जोरात ओरडला की पुढच्या बाकावरच्या दोन बायकांनी वळून पाहिलं. "मी अख्खा एक आहे!"

"पाच," आबा म्हणाले आणि लिहिलं.

"तिसरा. पोराला उशी पातळ लागते की जाड?"

पेन कागदावर टेकलं आणि थांबलं. आबांनी एकेचाळीस आणि सहा, अशा सत्तेचाळीस उत्तरांत उशीबद्दल लिहिलं होतं. 'उशीची चौकशी करावी, यातच तुझी माया दिसते', हे वाक्य तर त्यांना एकदा इतकं आवडलं होतं की ते तीन खर्ड्यांत टिकलं होतं. पण उशी पातळ की जाड, हे त्यांनी एकदाही लिहिलं नव्हतं. कारण त्यांना ते माहीतच नव्हतं. पोराला रात्री झोपवायची ती आजी. आबा त्या वेळी दिवा लावून कुणाचं तरी पुस्तक तपासत असायचे.

"मी विचारून येतो," आबा म्हणाले.

ते उठले तेव्हा सुनेने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. मग पोरांना जवळ ओढून ती केक कापायच्या तयारीला लागली, जणू तिकडे काही चाललंच नाहीये.

*

कठड्यापाशी वारा जास्त होता. मुलाची बोटं लोखंडावर पांढरी पडली होती. बाप शेजारी येऊन उभा राहिला तरी त्याने मान वळवली नाही.

"तुला एक विचारायचं होतं," आबा म्हणाले.

"विचारा."

"उशी. तुला पातळ लागते की जाड?"

मुलाने आता वळून पाहिलं. एक क्षण तो चिडणार असं वाटलं, आणि खरोखरच चिडला. "हे आत्ता विचारताय? एकोणचाळीस वर्षांचा झालोय मी, बाबा. एका घरात राहतो आपण."

"हो."

"आईला विचारायचंत. बायकोला विचारायचंत. भिंतीला विचारलं असतंत तरी सांगितलं असतं तिने."

"हो. पण ताईने मला विचारलंय. म्हणून मी तुला विचारतोय."

खाली पाणी बोटीच्या अंगाला घासून मागे पळत होतं.  मुलाच्या नाकातून एक आवाज निघाला, तो हसण्याचा होता की काय, आबांना लगेच ठरवता आलं नाही.

"पातळ," तो म्हणाला. "तेव्हाही पातळ होती, आताही पातळ आहे. जाड उशीवर माझी मान अवघडते."

"पातळ," आबांनी परीक्षेला बसलेल्या मुलासारखं पुन्हा म्हटलं. मग जायला वळले, आणि थांबले. अशा वेळी एरवी ते वाक्य जुळवत बसले असते. वारा होता, बोट हलत होती, वाक्य जुळेना, तसंच बोलले. "मला भीती वाटली होती रे. चांगलं लिहिता येणार नाही याची. मूर्खपणाच. त्यात तुझी सुट्टी गेली."

"माझं पोहणं गेलं," मुलगा म्हणाला. आवाजात धार नव्हती आता. "खाली चाळीस मजले मोकळे असतात तेव्हा काही वाटत नाही मला. आणि गुडघाभर पाण्यात पाय लटपटतात. उद्गारू त्या दिवशी विचारत होता, बाबा, तुम्ही का येत नाही पाण्यात? मी म्हटलं, मला सर्दी झालीय. दर वेळी सर्दीच होते मला."

"तेही लिहू का तिला?"

मुलाने सरोवराच्या पलीकडच्या काठाकडे पाहिलं. तिथे आता झाडांची रेघ उमटायला लागली होती.

"लिहा," तो म्हणाला. "पोहायचं राहिलंय म्हणावं."

*

ते आबांच्या आयुष्यातलं सगळ्यात आखूड लिखाण झालं. 'ताई, आज. पाच जण. उशी पातळ. पोहायचं राहिलंय. पुस्तक्या.' एक ओळ चढणीला लागली होती, एक उतरणीला. क्षमा हा शब्द त्यात कुठेच नव्हता. आबांनी तो शोधून पाहिला, आणि नाही हे पाहून त्यांना जरा धक्काच बसला. मग त्यांनी कागदाची घडी घातली. वाचून पाहिला नाही.

पाकीट नव्हतं. स्वल्पीने आपल्या भेटीच्या वेष्टनाचा चकचकीत निळा कागद दिला, मुलाने तो लिफ्टच्या तारा गुंडाळायच्या चिकटपट्टीने बंद केला, आणि उद्गारूने तिकिटाच्या जागी स्वल्पीने काढून दिलेलं माशाचं चित्र चिकटवलं.

"मासा पोहत पोहत नेईल!" तो ओरडला.

मेणबत्ती वाऱ्यात काही पेटेना. सात काड्या फुकट गेल्या. "राहू दे," स्वल्पी म्हणाली, आणि न पेटलेल्या मेणबत्तीवर तिने इतक्या जोरात फुंकर मारली की क्रीम बापाच्या शर्टावर उडालं. तेवढ्यात शिट्टी वाजली. तिकीटवाल्या बाईने वर कप्तानाच्या खोलीकडे हात केला आणि बोटीने पहिला भोंगा दिला. लांब, जाड, पोटातून आलेला. पोरं कानांवर हात ठेवून मोजायला लागली. दोन. तीन. बाकांवरचे लोकही मोजायला लागले. चारला कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. सहाव्याला सूनही ओरडत होती, आणि सातव्याला आबा, ज्यांनी जन्मात चारचौघांत आवाज चढवला नव्हता, तेही "सात!" असं ओरडून मोकळे झाले. स्वतःचा आवाज ऐकून ते दचकले. मग पुन्हा एकदा ओरडून पाहिलं.

"बाबा, झाले ते सात," मुलगा म्हणाला. पण तो हसत होता, चांगले दात दिसेपर्यंत.

धक्क्यावर हॉटेलचा माणूस पाटी घेऊन उभा होता. सून सरळ त्याच्याकडे गेली, काहीतरी बोलली आणि परत आली.

"काय सांगितलंस?" मुलाने विचारलं.

"तुमच्या उशा धोंड्यासारख्या आहेत, आम्ही येत नाही."

*

घर काठाने पाचशे पावलांवर होतं. पांढरं, ठेंगणं, हिरव्या फाटकाचं. फाटकाच्या खांबावर पत्र्याची टपालपेटी, तिला इतक्या वेळा रंग दिलेला की कडा गोल झाल्या होत्या. फाटक उघडंच होतं. आतल्या पायऱ्यांवर ताई उभी होती. खांद्यावर टॉवेल, पांढरे केस ओले, पाय अनवाणी. ती नुकतीच पाण्यातून बाहेर आली असावी.

आबांना वाटलं होतं आपण तिला ओळखणार नाही. पण ती कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि तशी उभी राहणारी जगात एकच बाई होती.

"सात मोजले मी," ताई म्हणाली. "कुणाचे?"

"माझे!" स्वल्पी म्हणाली.

ताईने तिच्याकडे पाहिलं. मग मुलाकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, शर्टावरच्या क्रीमसकट. "आणि हा तो आधीचा सात वाटतं. जरा मोठा झालाय."

"आत्या," मुलगा म्हणाला, आणि पुढे त्याला काही सुचेना. बापाचाच मुलगा तो. त्याने खांद्यावरची पिशवी उघडली आणि गुंडाळलेला टॉवेल वर काढून दाखवला.

ताईने मान डोलावली. पण ती पायरी उतरली नाही.

आबा पुढे झाले. पायऱ्यांपर्यंत गेले. त्यांनी निळा लिफाफा तिच्यापुढे धरला.

"हे काय?"

"उत्तर."

  ताईचे हात कमरेवरून हलले नाहीत.

"हातात काय देतोस, पुस्तक्या? बत्तीस वर्षं ती पेटी रोज उघडतेय मी. रंग देतेय तिला. हातात घ्यायचं असतं तर पेटी कशाला लावली असती? पेटीत टाक."

"अगं ताई, मी इथे समोरच..."

"टपालवाला फाटकाबाहेरून टाकतो," ताई म्हणाली. "फाटक लावून घे."

स्वल्पी खुदकन हसली. सुनेने तोंडावर हात धरला. आबा वळले, पाचशे पावलं चालून आलेले ते पाय पुन्हा मागे गेले, फाटकाबाहेर आले, त्यांनी फाटक ओढून घेतलं. कडी लागल्याचा आवाज झाला. तेव्हा मुलगाही त्यांच्यामागून घाईघाईने बाहेर आला आणि त्याने पेटीची झडप दोन बोटांनी उचलून धरली.

लिफाफा जाड होता. चित्रकलेचा कागद, चकचकीत वेष्टन, वर चिकटपट्टी. तो अर्धा गेला आणि अडला. आबांचा हात थांबला. आत, पायऱ्यांवर, ताई एक पाऊल खाली उतरली होती.

"ढकला, बाबा," मुलगा हळूच म्हणाला. "मी धरलंय."

आबांनी अंगठ्याने ढकललं. माशाचं चित्र आत दिसेनासं झालं, आणि पेटीच्या तळाशी पत्र्यावर पत्र आदळल्याचा लख्ख आवाज झाला.

"पोचलं!" उद्गारू ओरडला.